सायकलची चेन : घ्यावी कशी, राखावी कशी?

पहाटे बेकरीतून पाव भरून निघालेला पाववाला, मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरणारा भंगारवाला, कॅरिअरवर गठ्ठे बांधून गावोगाव कापड विकणारा फेरीवाला, स्टँडवर सायकल चढवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा कारागीर, या सर्वांचे दुकान सायकलवरच असते. दुकानाचे शटर एक दिवस उघडले नाही तर जे नुकसान होते, तेच सायकल एक दिवस बंद पडली तर त्यांचे होते. पाववाल्याला तर तासाभराचा उशीरही परवडत नाही. गिऱ्हाइकाचा नाश्ता उरकल्यावर पोहोचलेला पाव दुसऱ्या दिवशी शिळा म्हणून पडेल त्या भावाने द्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या पाववाल्याकडे वळते ते वेगळेच.

पंक्चर सोडले तर सायकल रस्त्यात अडवणारी मोठी गोष्ट म्हणजे चेन. पंक्चर कोपऱ्यावर निघते. चेन तुटली, फ्रीव्हीलमध्ये अडकली किंवा वारंवार उतरू लागली की भरलेली सायकल हाताने ढकलत नेण्यावाचून मार्ग राहत नाही. असे असूनही टायर-ट्यूबकडे आपण जेवढे लक्ष देतो तेवढे चेनकडे देत नाही. चेन हळूहळू झिजते, त्यामुळे ती बिघडत चालली आहे हे लवकर ध्यानात येत नाही. आणि जाताना ती एकटी जात नाही. फ्रीव्हीलही सोबत घेऊन जाते. म्हणून चेन कशी पारखावी, साफ कशी करावी आणि केव्हा बदलावी याची माहिती येथे देत आहोत.

चेनची रचना

आज वापरात असलेली रोलर चेन ही जुनी गोष्ट आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे आणि मँचेस्टर येथे स्थायिक झालेले अभियंते हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले. पुढे १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जॉन केंप स्टार्ली यांनी मागच्या चाकाला चेन जोडलेली ‘रोव्हर’ सायकल काढली. आपल्या साध्या काळ्या सायकलचा आराखडा त्याच वळणाचा आहे.

चेनमध्ये पाच प्रकारचे भाग असतात : बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, पिन, बुश आणि रोलर. बाहेरच्या दोन पट्ट्यांना पिन जोडते. आतल्या दोन पट्ट्यांना बुश, म्हणजे बारीक नळी, जोडते. पिन या नळीच्या आत फिरते आणि नळीच्या बाहेरून रोलर फिरतो. चेनव्हीलच्या दातावर बसतो तो रोलर. पण खरे काम आणि खरी झीज पिन व बुश यांच्यामध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे आपोआप समजते.

एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. साध्या सायकलपासून गिअरच्या सायकलपर्यंत हे अंतर एकच असते. फरक असतो तो रुंदीत. साध्या सायकलच्या चेनची आतली रुंदी १/८ इंच असते, तर जुन्या पद्धतीच्या गिअरच्या सायकलला ३/३२ इंचाची, म्हणजे अरुंद चेन लागते. अरुंद चेन साध्या सायकलच्या जाड दातांवर नीट बसत नाही. दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हटले तरी ती घेऊ नये.

चेनवर किती भार पडतो?

सायकलस्वाराचे वजन ६० किलो धरू. चढावर तो पायडलवर उभा राहिला की हे सारे वजन क्रँकच्या टोकावर येते. क्रँकची लांबी साधारण साडेसहा ते सात इंच आणि ४४ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या साडेतीन इंच. म्हणजे चेनवरचा ताण पायावरच्या भाराच्या जवळजवळ दुप्पट, ११० ते १२० किलो इतका होतो. सायकलच्या चेनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार चेनने सुमारे ८,००० न्यूटन, म्हणजे ८०० किलोच्या आसपास ताण तुटल्याशिवाय सहन केला पाहिजे. याचा अर्थ असा की चांगली चेन नुसत्या ओझ्याने सहसा तुटत नाही. तुटते ती बहुधा चुकीच्या बसवलेल्या लॉकजवळ, वेडीवाकडी ठोकलेल्या पिनजवळ किंवा गंजाने खाल्लेल्या पट्टीत.

ओझ्यापेक्षा चेनला मारक ठरते ती धूळ. ४४ दात्यांचे चेनव्हील, १८ दात्यांचे फ्रीव्हील आणि २८ इंची चाक असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. एका किलोमीटरला पायडलचे १८० च्या वर फेरे होतात आणि तेवढ्यात संपूर्ण चेन सुमारे ७५ वेळा फिरते. प्रत्येक फेरीत चेनची प्रत्येक कडी चार वेळा वाकते किंवा सरळ होते : चेनव्हीलवर चढताना व उतरताना, फ्रीव्हीलवर चढताना व उतरताना. म्हणजे किलोमीटरला ३०० वेळा. दिवसाला २५ किलोमीटर फिरणाऱ्या फेरीवाल्याच्या चेनची एकेक पिन रोज सात हजारांहून अधिक वेळा बुशमध्ये घासते. मध्ये तेलाचा थर असेल तर काही बिघडत नाही. तेलाऐवजी तेथे वाळूचे कण असतील तर ते कानशीसारखे काम करतात.

धार लावणाऱ्या कारागिरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. सहाणेच्या चाकातून उडणारा दगडाचा चुरा आणि पोलादाचा कीस थेट चेनवर पडतो. याहून वाईट धूळ चेनला दुसरी नाही. चेनला पूर्ण कव्हर नसेल तर निदान रबराचा किंवा रेक्झिनचा पडदा सहाण आणि चेन यांच्यामध्ये लावून घ्यावा.

नवी चेन घेताना

बाजारात चेन पॅकेटमध्ये मिळते आणि ती बहुधा ११२ कड्यांची असते. सायकलच्या मापाप्रमाणे काही कड्या कमी कराव्या लागतात. पॅकेटवर नाव चांगल्या कारखान्याचे असले तरी आतला माल तोच असेल असे नाही, कारण चालणाऱ्या नावाची नक्कलही होते. म्हणून पॅकेट उघडून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, पट्टीवरचा छाप. चांगल्या चेनच्या पट्टीवर कारखान्याचे नाव किंवा खूण स्वच्छ उठलेली असते. पॅकेटवरचे नाव आणि पट्टीवरचे नाव जुळले पाहिजे.

दुसरी, पट्टीच्या कडा. बोट फिरवून पाहावे. कडा खरखरीत, चुरा निघालेल्या असतील तर साचा झिजलेला आहे असे समजावे.

तिसरी, पिनची डोकी. सर्व डोकी सारखी दाबलेली व पट्टीच्या बाहेर सारख्याच उंचीची दिसली पाहिजेत. एखादी आत, एखादी बाहेर असेल तर ती चेन घेऊ नये.

चौथी, रोलर. प्रत्येक रोलर नखाने फिरला पाहिजे. चेनचे एक टोक हातात धरून ती लोंबती सोडावी आणि कडीकडी वाकवून पाहावी. कोठेही ताठ कडी असता कामा नये.

पाचवी, वजन. एकाच मापाच्या दोन चेन तराजूत घालाव्यात. हलक्या चेनमध्ये पट्टी पातळ असते. मात्र नुसत्या वजनावर जाऊ नये. जाड पण मऊ लोखंडाची चेनही बाजारात असते. पोलाद कडक केलेले आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ओळखीच्या दुकानातून आणि पक्क्या बिलावर माल घेणे केव्हाही चांगले.

चकाकीला भुलू नये. वरचा मुलामा गंजापासून काही काळ वाचवतो, पण आतली पिन त्याने मजबूत होत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत, मुलाम्याचा उपयोग होतो. मालेगाव-भिवंडीच्या धुळीत साधी काळी चेनही नियमित तेल दिल्यास तितकेच काम देते.

सफाईची योग्य पद्धत

सफाई दोन प्रकारची असते : आठवड्याची आणि मोठी.

आठवड्याच्या सफाईसाठी चेन काढण्याची गरज नाही. सायकल स्टँडवर घ्यावी, जुने सुती फडके चेनच्या खालच्या भागावर धरावे आणि पायडल उलटे फिरवावे. उलटे फिरवल्याने चाक फिरत नाही, फक्त चेन फिरते, म्हणून हे काम सुरक्षित आहे. पायडल सुलटे फिरवून, चाक गरगरत असताना फडके कधीही लावू नये. फडक्यासकट बोट चेनव्हीलमध्ये जाण्याचे अपघात होतात. लहान मुलांना या कामाला लावू नये.

मोठी सफाई दोन-तीन महिन्यांतून एकदा आणि पावसाळा संपल्यावर अवश्य करावी. पकडीने लॉक काढून चेन मोकळी करावी. पत्र्याच्या डब्यात चेन बुडेल इतके रॉकेल घ्यावे. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलही चालते. पेट्रोल वापरू नये; ते चटकन पेट घेते. जवळ विडी-सिगारेट किंवा स्टोव्ह नको. चेन अर्धा तास भिजू द्यावी, डबा हलवावा, मग जुन्या दाढीच्या किंवा दातांच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासावी. पहिल्या धुण्याचे काळे रॉकेल काढून थोड्या स्वच्छ रॉकेलमध्ये पुन्हा खळबळावी. दुसऱ्या वेळी कान देऊन ऐकावे. कडी हलवताना कचकच आवाज आला तर वाळू अजून आत आहे.

धुतलेली चेन खिळ्याला टांगून पूर्ण वाळवावी. आत रॉकेल राहिले तर नंतर दिलेले तेल पातळ होऊन वाहून जाते. काळे रॉकेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बाटलीत भरून ठेवावे. गाळ खाली बसला की वरचे निवळ पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला उपयोगी पडते. चेन काढलेली असतानाच चेनव्हील आणि फ्रीव्हीलच्या दातांमधला काळा चिखल काडीने खरवडून काढावा. फ्रीव्हीलवर रॉकेल ओतू नये. त्याच्या आत छर्रे आणि ज्यांना मिस्त्री ‘कुत्रे’ म्हणतात ते खटके असतात, त्यांचे तेल धुऊन जाते.

चेन परत चढवताना लॉकची दिशा महत्त्वाची आहे. लॉकच्या स्प्रिंगचे एक टोक बंद असते आणि एक उघडे. चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला बंद टोक आले पाहिजे. म्हणजे लॉक चेनच्या वरच्या बाजूला असताना बंद टोक पुढच्या चाकाकडे असावे. उलटे बसवले तर वाटेत कशाला तरी घासून स्प्रिंग निघते आणि चेन रस्त्यावर पडते. एकदा सैल झालेली स्प्रिंग पुन्हा वापरू नये. एक नवे लॉक पाकिटात ठेवावे. त्याची किंमत चहाच्या पैशांत असते.

कोणते तेल द्यावे?

तेल कडीच्या आत हवे, बाहेर नको. बाहेरचे तेल फक्त धूळ गोळा करते. म्हणून चेनच्या खालच्या भागात, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब टाकावा. पायडल काही वेळ उलटे फिरवावे, सायकल रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी कोरड्या फडक्याने बाहेरचे सर्व तेल पुसून काढावे. पुसणे हा तेल देण्याचाच भाग आहे. बोट लावले असता चेन ओलसर लागावी, पण बोट काळे होऊ नये.

नवे इंजिन ऑइल, वीस किंवा तीस नंबरचे, चेनला चांगले. ते घट्ट वाटले तर त्यात थोडे शिलाई मशीनचे तेल मिसळावे. नुसते शिलाई मशीनचे तेल चालते, पण ते फार पातळ असल्याने वरचेवर द्यावे लागते.

गॅरेजमधले जळके काळे ऑइल फुकट मिळते म्हणून अनेकजण वापरतात. त्यात इंजिनच्या झिजेचा धातू, काजळी आणि आम्ल असते. फुकटच्या तेलाने विकतची चेन खराब होते. खोबरेल, शेंगदाणा तेल किंवा डालडा लावू नये. ही तेले काही दिवसांत चिकट होऊन वाळतात आणि कड्या ताठ करतात. ग्रीस वरून फासण्याचा उपयोग नाही. ते आत शिरत नाही आणि बाहेर धुळीचा लेप तयार करते. गंज सोडवणारे स्प्रे पाणी घालवायला उपयोगी आहेत, पण ते तेलाची जागा घेत नाहीत.

पावसाळ्यात भिजलेली सायकल रात्री तशीच ठेवू नये. चेन पुसावी, थोडे तेल द्यावे. दोन मिनिटांचे काम आहे. पट्टीवर वरवर आलेला तांबूस गंज फडक्याने निघतो, पण पिनच्या आत शिरलेला गंज कडी ताठ करतो.

चेनचा ताण

चेन फार घट्ट असेल तर मागच्या हबच्या आणि पायडलच्या आसाच्या छर्ऱ्यांवर ताण येतो आणि सायकल जड चालते. फार सैल असेल तर खड्ड्यात उतरते. चेनव्हील आणि फ्रीव्हील यांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली हलवावी. एकूण अर्धा इंच हालचाल योग्य समजावी. चेनव्हील क्वचितच पूर्ण गोल असते, म्हणून पायडल थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी ताण पाहावा आणि जेथे चेन सर्वांत घट्ट असेल तेथे अर्धा इंच ढील ठेवावी. चाक मागे ओढताना दोन्ही बाजू सारख्या ओढाव्यात. चाक तिरके बसले तर चेन दातांना एका बाजूने घासते.

जड माल वाहणाऱ्यांनी १८ दात्यांऐवजी २० किंवा २२ दात्यांचे फ्रीव्हील लावून पाहावे. वेग थोडा कमी होतो, पण चढाला जोर कमी लागतो. तेवढ्याच ओझ्याला चेनवर ताण कमी येतो आणि मोठ्या फ्रीव्हीलवर कडीला वाकावेही कमी लागते. २२ दात्यांसाठी चेनमध्ये दोन कड्या वाढवाव्या लागतील हे लक्षात ठेवावे.

चेन केव्हा बदलावी?

लोक म्हणतात चेन ‘ताणली’. वास्तविक पोलादाची पट्टी ताणली जात नाही. प्रत्येक पिन आणि बुश किंचित झिजतात आणि शंभरावर कड्यांची ती झीज एकत्र होऊन चेन लांबते. ती मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरेशी आहे. चेन ताणून धरावी. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवून २४ कड्या मोजाव्यात. नव्या चेनमध्ये चोविसाव्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. तो १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदलण्याची वेळ झाली. १/८ इंच पुढे गेला तर फार उशीर झाला, आता फ्रीव्हीलही तपासावे.

फूटपट्टी नसेल तर चेनव्हीलच्या अगदी पुढच्या टोकाला चेन बोटांनी पुढे ओढावी. अर्धा दात उघडा पडला तर चेन झिजली आहे. झिजलेले दात सरळ राहत नाहीत, विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला झुकतात. अशा दातांवर नवी चेन घातली तर ती जोर लावताच घसरते आणि गिऱ्हाईक चेनला दोष देते. फ्रीव्हीलला दात कमी, म्हणून प्रत्येक दातावर काम जास्त आणि झीजही आधी. म्हणून चेन वेळेवर बदलणे म्हणजे फ्रीव्हील वाचवणे होय.

आवाजावरून दोष ओळखणे

पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आवाज येत असेल तर दोष चेनमध्ये नाही. कॉटर, पायडलचा आस किंवा वाकलेले चेनव्हील तपासावे. सुमारे अडीच फेऱ्यांना एकदा खटका बसत असेल तर ती ताठ कडी आहे, कारण तेवढ्या वेळात चेनची एक फेरी पूर्ण होते. ती शोधून, तेल देऊन, दोन्ही हातांनी आडवी हलकेच वाकवावी म्हणजे मोकळी होते. सतत करकर म्हणजे चेन कोरडी आहे. पायडल दोन्ही दिशांना मोकळे फिरते आणि चाक फिरत नाही, पण चेन जागेवर आहे, असे झाले तर फ्रीव्हीलचे कुत्रे अडकलेले किंवा तुटलेले आहेत. चेन बदलून उपयोग नाही.

स्वस्त की महाग?

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा एक चेन १०० रुपयांची आहे आणि आठ महिने टिकते. महिन्याचा खर्च साडेबारा रुपये. दुसरी १८० रुपयांची आहे आणि देखभालीने दीड वर्ष टिकते. महिन्याचा खर्च दहा रुपये. पण हीच १८० रुपयांची चेन कोरडी चालवली आणि नऊ महिन्यांत गेली तर महिन्याला वीस रुपये पडतात. म्हणजे महाग चेन घेऊन तिची काळजी न घेणे हा सर्वांत तोट्याचा सौदा. स्वस्त चेनच्या हिशेबात लवकर गेलेले फ्रीव्हील आणि रस्त्यात बुडालेली एक दिवसाची कमाई धरली तर तीही स्वस्त राहत नाही.

दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या बंधूंसाठीही यात एक गोष्ट आहे. चेन बदलायला सांगताना गिऱ्हाइकासमोर फूटपट्टी लावून दाखवावी. बदलण्याची गरज नसेल तर तसेही सांगावे. माप डोळ्यांनी पाहिलेले गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस कमी करते आणि पुढच्या वेळीही त्याच दुकानात येते. सुटी पिन पंचने ठोकून बसवण्यापेक्षा नवे लॉक घालावे. रस्त्यात तुटलेल्या चेनचे नाव शेवटी मिस्त्रीवरच येते.

थोडक्यात नियम असे : आठवड्यातून एकदा पुसणे, पंधरा दिवसांतून एकदा कड्यांमध्ये तेल, महिन्यातून एकदा ताण आणि फूटपट्टी, दोन-तीन महिन्यांतून एकदा रॉकेलची आंघोळ. पावसात किंवा फार धुळीत फिरणाऱ्यांनी या मुदती निम्म्या कराव्यात. सर्व मिळून महिन्याला तासभरही लागत नाही. ज्या सायकलवर घर चालते तिच्यासाठी एवढा वेळ काढणे कोणालाही अवघड नाही.